होगरहाइडेच्या फळ्यांपाशी : माझा अनुभव

माझा मुलगा चौदा वर्षांचा. आम्ही नेदरलँड्समधल्या ब्रेडाला राहतो, आणि तो दर बुधवारी क्लबात वाळूतून, झाडांच्या मुळांवरून सायकल हाकून चिखलाने माखून घरी येतो. मला धास्ती वाटायची. "आई, तू एकदा खरी शर्यत बघ, मग बोल," असं तो वर्षभर म्हणत होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये सायक्लो-क्रॉसची, म्हणजे चिखल-वाळूतून आणि अडथळ्यांवरून होणाऱ्या याच सायकल शर्यतीची, जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होगरहाइडे या गावी आली, आमच्या घरापासून जेमतेम तासाभरावर. मी म्हटलं, चल. मात्र मला बघायची होती ती २३ वर्षांखालच्या मुलांची शर्यत. माझ्या मुलाचं वयही उद्या तिथेच जाऊन पोचणार आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सांगते. रेल्वे होगरहाइडेला जात नाही. ब्रेडाहून रूसेंडालला गाडी बदलून बर्गन ऑप झोमला उतरायचं आणि पुढे सायकलने दक्षिणेकडे जायचं. सायकल गाडीत न्यायला वेगळं तिकीट लागतं. सपाट नेदरलँड्समध्ये हा भाग वेगळा आहे. ब्राबांटसे वाल नावाची वाळूची उंच कड इथून जाते, म्हणून इथे खरेखुरे चढ-उतार मिळतात. आड्री फान डर पूल, सायक्लो-क्रॉसचे १९९६ चे जगज्जेते, याच भागातले. इथली दरवर्षीची शर्यत त्यांच्याच नावाने भरते, आणि नावाजलेला सायकलपटू मातियू फान डर पूल हा त्यांचाच मुलगा.

आत शिरल्यावर आधी खाण्या-पिण्याची नाणी घेऊन ठेवा. टपरीवर पैसे चालत नाहीत, प्लास्टिकची नाणीच द्यावी लागतात, आणि शर्यतीच्या तोंडावर त्या खिडकीपुढे मोठी रांग लागते. आमची दहा मिनिटं तिथे गेली. दुसरं म्हणजे, आपण मार्गाच्या कोणत्या बाजूला आहोत ते बघून घ्या. ओलांडायची जागा ठरलेली असते, आणि सायकलस्वार जवळ आले की स्वयंसेवक दोरी ताणून सगळ्यांना थांबवतात.

"आधी पिट बघू," मुलगा म्हणाला. पिट म्हणजे मार्गालगतची सायकल बदलायची आणि दुरुस्तीची जागा. मला वाटलं होतं, तिथे फक्त पंक्चर काढत असतील. तसं नाही. प्रत्येकाची दुसरी, कुणाची तिसरीही सायकल तिथे तयार असते. मार्ग पिटजवळून फेरीत दोनदा जातो. चिखल साचला, गिअर अडकला की सायकलस्वार पिटच्या पट्ट्यात शिरतो, चालू सायकलवरून उतरतो, ती सोडून देतो, चार पावलं पळतो आणि दुसरीवर बसतो. सोडलेली सायकल लगेच पाण्याच्या फवाऱ्याखाली जाते. एक मेकॅनिक शर्यतीआधी टायर अंगठ्याने दाबून दाबून बघत होता. जरा हवा सोडायचा, परत दाबायचा. टायरची रुंदी ३३ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, त्यामुळे सगळी पकड हवेच्या त्या थोड्याशा फरकावर असते. त्याचे हात थंडीने फुटले होते, पण अंगठा थांबत नव्हता. नव्या सायकलला तो मागून सीटला धरून उभा राहायचा, म्हणजे हँडल मोकळं राहतं आणि सायकलस्वाराचे हात थेट तिथे पडतात. ते मी नीट लक्षात ठेवलं.

मग आम्ही फळ्यांपाशी गेलो. मार्गात आडव्या दोन फळ्या, एकामागून एक, जास्तीत जास्त ४० सेंटिमीटर उंच, म्हणजे माझ्या गुडघ्याच्या खाली. उतरून, सायकल उचलून पळत ओलांडायची, किंवा सायकलसकट उडी मारून जायचं. पुढच्या मुलांपैकी बरेच उडी मारत होते. आधी पुढचं चाक उचलायचं, मग मागचं, आणि लगेच दुसरी फळी. कुणाचं मागचं चाक फळीला किंचित घासलं की 'टक' असा आवाज यायचा आणि गर्दी एकदम श्वास रोखायची. एकाचं चाक अडकलं, तो खांद्यावर पडला, उठला, साखळी बसवली आणि परत धावू लागला. मी नकळत मुलाचा हात घट्ट धरला होता.

या मुलांना जवळपास ५० मिनिटं चालवायचं असतं. फेऱ्या किती ते शर्यत सुरू झाल्यावर पहिल्या फेऱ्यांच्या वेळेवरून ठरतं. एक फेरी मागे पडलं की शर्यत सोडावी लागते. आमच्या समोरून एक मुलगा प्रत्येक फेरीत सगळ्यात मागून यायचा. त्याच्या देशाचे पाठीराखे कुणीच नव्हते. तरी तो आला की दोन्ही बाजूंची बेल्जियन आणि डच माणसं पुढच्यांइतक्याच जोराने ओरडायची. मलाही ओरडावंसं वाटलं, मी मराठीतच "चल, चल!" म्हटलं.

शेवट आम्हाला दिसला नाही, ध्वनिक्षेपकावरून कळला. बेल्जियमचा तिबो नाइस पहिला, नेदरलँड्सचा तिबोर डेल ग्रोसो दुसरा. तिबोचे वडील स्वेन नाइस २००५ आणि २०१३ चे जगज्जेते. मुलाने मला आणखी एक गोष्ट सांगितली, आणि तीच माझ्या मनात राहिली. २०१४ मध्येही ही स्पर्धा होगरहाइडेलाच झाली होती. तेव्हा याच २३ खालच्या गटात बेल्जियमचा वाउट फान आर्ट पहिला आला होता आणि मातियू फान डर पूल तिसरा. २०२३ ला मोठ्यांच्या गटात तेच दोघे शेवटच्या काही मीटरपर्यंत एकत्र होते, आणि मातियू जिंकला. त्या नऊ वर्षांपूर्वीच्या दिवशीही कुणीतरी आई फळ्यांपाशी उभी असेल.

परत आल्यावर पुढच्या बुधवारी मागच्या अंगणात पिटसारखी सायकल बदलायचा सराव सुरू झाला. पहिल्यांदा मी हँडल धरून उभी राहिले. तो पळत आला, त्याचे हात माझ्या हातांवर आपटले आणि सायकल आडवी झाली.

"आई, सीटला धर."

दुसऱ्यांदा सीटला धरलं. तो बसला, मी ढकललं, आणि तो गेला.