साताऱ्याचा अजिंक्यतारा किल्ला आज दिवसभर ढगातच

दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही ओलसर, आणि घराघरांत एकच तक्रार: सकाळी उठवत नाही, कशात मन लागत नाही. हा आळस नव्हे हो! सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की मेलाटोनिन, म्हणजे झोप आणणारं संप्रेरक, कमी होतं; तो मिळाला नाही की शरीराचं घड्याळ मागे पडतं. ट्यूबलाइटचा उजेड साधारण २००-३०० लक्स (उजेड मोजायचं एकक), पावसाळी आभाळाखाली बहुधा हजाराच्या वर. म्हणून उठल्यावर तासाभरात छत्री घेऊन अर्धा तास चालाच. खिडकीच्या आत तेवढा उजेड पोचत नाही. दुपारी ताणून देऊ नका, रात्रीची झोप तिथेच बिघडते.

उदासी दोन आठवडे हटली नाही तर डॉक्टरांना दाखवा. जगणं नकोसं वाटलं तर मात्र एक दिवसही थांबू नका: टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मोफत, मराठीतही बोलता येतं.