पौर्णिमा, शनिवारवाडा आणि एक नाशिककर

पुतण्या मे महिन्यात नाशिकहून आला तो वहीच्या मागच्या पानावर यादी घेऊनच. वर लाल पेनाने ‘पुण्यातली भुतं’, खाली जागा, आणि पुढे चौकोन. जागा बघून झाली की चौकोनात बरोबरची खूण. वय वर्षं दहा. काका या नात्याने सुट्टीतली करमणूक माझ्याकडे होती, त्यामुळे भुतंही माझ्याकडेच आली.

खरं तर तो आला हेच विशेष. दादाचं आणि माझं दोन वर्षं धड बोलणं नाही. वडिलांच्या दोन खोल्या, त्यांचे कागद, एक सही, तेच ते. पोराला वहिनीने पाठवलं असणार, दादाने फक्त अडवलं नाही.

होळकर पुलावर रात्री एक बाई दिसते म्हणतात. आम्हाला दिसली नाही, कारण तिला उभं राहायला जागाच नव्हती. खडकीच्या बाजूने पुलाच्या तोंडाशी पंचवीस मिनिटं अडकलो होतो, मागचा एकजण न थांबता हॉर्न वाजवत होता. नाशिककराने खिडकीतून मान बाहेर काढून पूल पाहिला आणि गाडी हलायच्या आत खूण करून टाकली. सिंहगडावर पिठलं-भाकरी खाल्ली, मडक्यातलं दही खाल्लं. तिथल्या किंकाळ्या रात्री ऐकू येतात, आणि रात्री तर वर थांबू देत नाहीत. वनखात्याचा आणि भुतांचा आपसात काहीतरी करार असावा.

राहिला शनिवारवाडा. तिथे पौर्णिमेलाच जायचं असं यादीत कंसात लिहिलेलं होतं, म्हणून बुद्धपौर्णिमेपर्यंत थांबलो. दुपारी चारला आतून बघून यायचं आणि रात्री जेवून पुन्हा बाहेरून, असं ठरलं. माझं तिकीट पंचवीस रुपये, त्याचं फुकट. तेवढ्या पैशात मे महिन्यातलं ऊन भरपूर मिळालं.

आत गेल्यावर त्याची पहिली तक्रार: “वाडा कुठाय?” प्रश्न रास्त होता. 1732 मध्ये वास्तुशांत झालेला वाडा 1828 च्या आगीत गेला. वरचे मजले विटा-लाकडाचे, ते गेले. उरली दगडी जोती, तट आणि दरवाजे. हिरवळीवर जोडपी, सावलीसाठी भांडणारी सहल, हजारी कारंज्याच्या कोरड्या पाकळ्यांपाशी फोटो. तो म्हणाला, “खोल्याच नाहीत तर भूत राहतं कुठे?” मला उत्तर सुचेना. जागेचा प्रश्न निघाला की आमच्या घरात तसंही कोणाला उत्तर सुचत नाही.

नारायण दरवाजाशी सावली होती, तिथे बसून गोष्ट सांगितली. 30 ऑगस्ट 1773, गणपतीचे दिवस. नारायणराव पेशवा अठरा वर्षांचा. गारदी थकलेल्या पगाराचं निमित्त करून आत घुसले, आणि तो पोरगा धावत काकाच्या, राघोबादादांच्या, महालात गेला. त्यांना मिठी मारली. तिथेच त्याला तोडला. ज्या दरवाजातून त्याला बाहेर नेलं म्हणतात त्याच्याच सावलीत आम्ही वेफर्स खात होतो. ध चा मा सांगितलं. चिठ्ठीत ‘धरावे’ होतं, आनंदीबाईंनी त्याचं ‘मारावे’ केलं असं सांगतात.

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “पण धरा असं तरी काकांनीच लिहिलं होतं ना?”

आम्ही शाळेत ही गोष्ट वर्षानुवर्षं ऐकली. सगळं खापर त्या एका अक्षरावर फोडून मोकळे झालो. हा प्रश्न माझ्या वर्गात कोणी विचारल्याचं मला आठवत नाही.

“आणि कोणीच नाही वाचवलं?” मग चाफाजी टिळेकरांचं सांगितलं. नोकर माणूस. नारायणरावाच्या अंगावर आडवा पडला, तोही मेला. हे नाव त्याने वहीत लिहून घेतलं. तेवढ्यात सुरक्षारक्षकाची शिट्टी झाली आणि आम्हाला गुरांसारखं बाहेर हाकललं.

रात्री दहाला परत आलो तेव्हा पटांगणात जत्रा. कुल्फी, भेळ, आकाशात उडवायचे निळे दिवे, बाजीरावाच्या घोड्याखाली गप्पा ठोकणारे घोळके. नगारखान्याच्या डाव्या अंगाला चंद्र वर आलेला, पण दिव्यांच्या उजेडात त्याच्याकडे कोण बघतो? दिल्ली दरवाजा बंद. त्याच्यावरचे खिळे हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर आहेत, म्हणजे धडक मारायला आलेला हत्ती बिचकावा. पोराला ते मोजायचे होते, कारण दुपारी दार उघडं असल्यामुळे नीट मोजता आले नव्हते.

आमच्या शेजारी कॉलेजची पाच-सहा पोरं. एकजण तटाकडे तोंड करून घसा ताणून ओरडतोय, “काका, मला वाचवाऽऽ!” आणि दुसरा मोबाईलवर चित्रीकरण करतोय. हसू आलं की परत पहिल्यापासून. चौथ्या खेपेला मी म्हणणार होतो की बाबांनो, अठरा वर्षांचा होता तो, तुमच्याहून लहान. म्हटलं नाही. कारण फोन वाजला. दादा. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने स्वतःहून केलेला फोन, आणि पहिलंच वाक्य, “त्या सहीचं काय केलंस?”

मी बाजूला जाऊन बोलायला लागलो. बोलायला म्हणजे भांडायला. मागे पोरांचं चाललंच होतं, “काका! काका!” मी मोकळ्या कानात बोट घातलं.

खरं सांगायचं तर मला ती हाक दोनदा ऐकू आली आणि दोन्ही वेळा मला वाटलं तीच कार्टी आहेत. तिसऱ्यांदा आवाज बारीक होता. चिरका. मी वळलो तर पुतण्या जागेवर नाही.

आणि मी एकटा वळलो नव्हतो. भेळवाल्याचा हात कांद्यावर थांबला होता. रिक्षाला टेकलेले दोघं, बाकावरचे एक आजोबा, कुल्फीची गाडी पुसणारा, सगळ्यांच्या माना एकाच दिशेला. पुण्यात तिशी ओलांडलेला प्रत्येक पुरुष काका असतो, तेव्हा ते साहजिकच होतं म्हणा. पण ते वळले पहिल्या हाकेला, मी तिसऱ्या. मी पोचलो तेव्हा फुगेवाला त्याच्यासमोर उकिडवा बसून विचारत होता, “शर्ट कुठल्या रंगाचा आहे रे काकांचा?” पोराला शर्टाचा रंग सांगता येत नव्हता. एका हातात वही, दुसऱ्या हातात फुगेवाल्याची बाही घट्ट धरलेली.

मी त्याला उचललं. दहा वर्षांच्या मुलाला उचलू नये, कंबर धरते. फुगेवाला मला काही बोलला नाही, नुसता बघून उठला. मी सवयीने पाकिटाला हात घातला तर म्हणाला, “फुगा पाहिजे का?” तेवढाच घेतला. वीस रुपये.

फोन अजून चालू होता. दादा “हॅलो, हॅलो” करत होता, त्याला मागचा गोंधळ ऐकू गेला असणार. मी मोबाईल सरळ पोराच्या कानाला लावला. पलीकडून काय विचारलं ते कळलं नाही. याने नाक ओढलं आणि सांगितलं, “नाही, भूत नाही दिसलं. काका हरवला होता. आता सापडला. आणि बाबा, एका दाराला बहात्तर खिळे आहेत.”