‘फायटर’ म्हणू नका

माझी तिसरी केमो चालू होती. नर्स शेजारी स्टुलावर बसून एपिरुबिसिनची जाडजूड सिरिंज अगदी सावकाश दाबत होती. हे औषध कोकमासारखं लालभडक असतं, नंतर दिवसभर लघवीही लाल होते. शीर फुगावी म्हणून माझा हात आधी गरम पॅडखाली ठेवला होता. तेवढ्यात फोनवर दोन मेसेज आले. पहिला इथल्या ऑफिसमधल्या मैत्रिणीचा, ‘यू आर अ फायटर, यू विल बीट धिस!’ दुसरा साताऱ्याहून आत्याचा, ‘मन खंबीर ठेव गं, सगळं मनावर असतं.’ दोघींचा माझ्यावर खरंच जीव आहे. तरीही दोन्ही वाचून मला राग आला, आणि तो बरेच दिवस गेला नाही.

इंग्लंडमध्ये, यॉर्कशायरमधल्या लीड्सला येऊन मला 11 वर्षं झाली. आजारपणाचं इंग्रजी मात्र मी आजारी पडल्यावरच शिकले. इथे कुणी ‘सिक’ फारसं म्हणत नाही, ‘पुअरली’ म्हणतात. सर्दी झालेलं मूलही पुअरली आणि अतिदक्षता विभागातला माणूसही पुअरली. एखाद्या घरी फोन करावा आणि ‘ही इज अ बिट पुअरली’ ऐकावं, तर घाबरायचं की नाही हेच कळत नाही. ‘अंडर द वेदर’चंही, म्हणजे ‘जरा बरं नाही’चंही, तसंच. माझ्या केमोबद्दल कुणीतरी हा शब्द वापरला तेव्हा मी काहीच बोलले नाही. पण चौदा दिवस अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या दुखण्याला हवा बिघडल्यासारखं म्हणू नये.

‘सोल्जर ऑन’ तर आपल्या ओळखीचंच आहे. आपण म्हणतो, अंगावर काढलं. ताप अंगावर काढणाऱ्याचं इथेही कौतुक होतं. त्यामागे पैशाचीही गोष्ट असते. मी आले तेव्हा आजारपणाच्या सरकारी भत्त्यात पहिले 3 दिवस धरतच नसत, त्यामुळे हातावर पोट असलेला माणूस तापातही कामावर जायचा. सात दिवसांपेक्षा जास्त रजा झाली की डॉक्टरांचा कागद लागतो. त्या कागदाला पूर्वी ‘सिक नोट’ म्हणत, 2010 पासून त्याचं नाव ‘फिट नोट’ आहे. उठून बसवत नसताना मी तो कागद हातात धरला, आणि वर तोच शब्द, फिट.

एक शब्दप्रयोग मात्र मला आवडायला लागला. पहिल्यांदा डॉक्टरांनी विचारलं, ‘अँड हाऊ आर यू इन युअरसेल्फ?’ मला वाटलं, पोटात काही होतंय का विचारतायत. नंतर उमगलं, रक्ताचे आकडे बाजूला ठेवून तुम्हाला स्वतःला कसं वाटतंय, असं ते विचारत होते. त्याला माझ्याकडे नेमकं उत्तर होतं, ‘कसंतरीच होतंय.’ ते इंग्रजीत सांगता येईना. कणकण, अंग मोडून येणं, जीव घाबरा होणं, यातलं काहीच सांगता येईना. मी ‘टायर्ड’ म्हणाले आणि घरी येऊन रडले.

परत त्या ‘फायटर’कडे येते. लँकेस्टर विद्यापीठात भाषाशास्त्रज्ञ एलेना सेमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करोगाचे रुग्ण, त्यांची देखभाल करणारे आणि डॉक्टर-नर्स या सगळ्यांचं सुमारे 15 लाख शब्दांचं लिखाण आणि बोलणं तपासलं. त्यातून दिसलं ते असं, की लढाईची भाषा काहींना बळ देते; पण काहींना, विशेषतः आजार हटत नसेल तेव्हा, आपणच कमी पडलो असं वाटायला लावते. म्हणून त्यांनी रुग्णांसाठी वेगवेगळ्या उपमांचा एक ‘मेन्यू’ केला, ज्याला जी रुचेल ती त्याने घ्यावी. मला हे पटतं. कुणी स्वतःला योद्धा म्हणत असेल तर खुशाल म्हणावं. दुसऱ्याने माझ्या हातात तलवार देऊ नये.

कारण लढाई म्हटली की हार आलीच. आपली वर्तमानपत्रं काय छापतात आठवा, ‘कर्करोगाशी झुंज अखेर अपयशी.’ कोण अपयशी? माझ्या वॉर्डातली एक आजी सगळी औषधं वेळेवर घ्यायची, सगळ्या सुया निमूट टोचून घ्यायची. ती गेली. तिचं काय चुकलं होतं? डॉक्टरांच्या भाषेतही हे आहेच. औषध लागू पडलं नाही, तर ‘पेशंट फेल्ड ट्रीटमेंट’ असं लिहिण्याची पद्धत आहे. केंब्रिजच्या दोन डॉक्टरांनी 2022 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अशा शब्दांबद्दल लिहिलं, तेव्हा मला फार बरं वाटलं. औषध नापास झालं म्हणा ना, माणूस का?

आणि आत्याचं ‘सगळं मनावर असतं’ मला ‘फायटर’पेक्षाही जास्त लागलं, कारण ते माझ्या भाषेत होतं. सगळं मनावर असेल, तर गाठही माझ्याच मनाने आली. पुढचे प्रश्न त्याच वाटेने येतात. कसला एवढा ताण घेतलास? तिकडे शिळं, फ्रिजमधलं खाता ना? कुणाची दृष्ट लागली का? विचारणाऱ्याला कारण सापडलं की त्याची भीती कमी होते, हे मी समजू शकते. पण तो भार आजाऱ्याच्या उशाशी येऊन पडतो.

शेजारच्या आजी, जन्माने यॉर्कशायरच्या, एकदा दार वाजवून एवढंच म्हणाल्या, ‘बुधवारी तुमचा कचऱ्याचा डबा मी बाहेर ठेवते.’ सहा महिने ठेवला.

आई रोज रात्री फोन करायची. तिने एकदाही ‘धीर धर’ म्हटलं नाही.

‘आज काय गेलं पोटात?’

‘मऊ भात. अर्धी वाटी.’

‘तोंडाला चव आहे का?’

‘नाही गं. लोखंड चाटल्यासारखं लागतंय.’

‘मग लिंबाची फोड चोखून बघ. मी थांबते फोनवर.’