तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या फिशिंग कयाकचे किती द्यावेत?

‘एक सेकंडहँड फिशिंग कयाक मिळतेय, मालक अमुक इतके मागतोय, ठीक आहे का?’ हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतच असतं. (फिशिंग कयाक म्हणजे मासेमारीसाठी बेतलेली, वल्ह्याने किंवा पेडलने चालवायची अरुंद होडी.) सोबत फोटो असतो आणि तो हमखास वरच्या बाजूचा असतो: रंग झकास, खुर्ची ऐटीत, रॉड होल्डर रांगेने लावलेले. त्यावरून मी भाव सांगत नाही. कयाक उलटी करून काढलेला फोटो मागवा, मग बोलू.

तोवर आकड्याकडे वळू. मालकाने घेताना किती मोजले होते, ते विचारू नका; त्याने आपणहून सांगितलं तरी मनावर घेऊ नका. तशीच नवी कयाक आज, चालू सवलत धरून, कितीला पडते ते बघा आणि तो आकडा 100 समजा. मॉडेल बंद झालं असेल तर त्याच लांबीची आणि त्याच पद्धतीने चालणारी आजची कयाक धरा. वल्ह्याने चालवायची, दोन-तीन वर्षं सावलीत ठेवलेली, नीट सांभाळलेली असेल तर मी 60 च्या आसपास जातो. पाच-सात वर्षांची असेल तर 45 ते 50. हा माझा ठोकताळा आहे, कुणी 5 वर-खाली केले तर मी भांडणार नाही. वॉरंटी बहुतेक वेळा पहिल्या मालकापुरतीच असते, त्यामुळे ‘अजून वॉरंटीत आहे’ याचे वेगळे पैसे नाहीत. आणि जाहिरातींतल्या भावांची सरासरी काढत बसू नका. दोन महिने दिसणारी जाहिरात त्या भावाला कुणी घेत नाहीये म्हणून दिसतेय. रास्त भावाच्या जाहिराती तुमच्या नजरेला पडायच्या आतच जातात.

आता तळ. बहुतेक फिशिंग कयाक पॉलिथिलिनच्या असतात. प्लास्टिकची भुकटी साच्यात घालून, साचा फिरवत तापवून एकसंध घडवलेल्या. या प्लास्टिकवर ओरखडे येणारच. ज्या कयाकच्या तळावर ओरखडे नाहीत ती पाण्यात गेलेलीच नाही, एवढाच त्याचा अर्थ. नख फिरवलं तर जेमतेम अडकतं असे ओरखडे कितीही असोत, मी त्यांचे पैसे कापत नाही. मात्र मागच्या टोकाला, कण्याच्या शेवटी, बोट दाबून बघा. एकट्याने जमिनीवरून ओढत नेणाऱ्याची कयाक तिथे झिजते. तिथलं प्लास्टिक बोटाखाली दबत असेल तर 10 ते 15 कमी करा.

त्याहून नाजूक जागा म्हणजे डेकवरचं, म्हणजे वरच्या पृष्ठभागावरचं, पाणी खाली जाण्यासाठी ठेवलेली आरपार भोकं, म्हणजे स्कपर. कयाक ओढून न्यायच्या काही ट्रॉल्यांचे दांडे याच भोकांत घालतात. मग मालाने भरलेल्या कयाकचं सगळं वजन त्या भोकांच्या कडांवर येतं आणि तिथे केसासारख्या चिरा जातात. टॉर्च लावून प्रत्येक भोक आतून बघा. पेडल ड्राइव्ह (पायाने पेडल मारून कयाक पुढे नेणारं यंत्र) बसतो त्या खाचेचे कोपरे आणि खुर्चीखालचा भागही. संशय आला तर सोपी युक्ती आहे: हॅच (डेकवरचं झाकणाचं तोंड) उघडून आत दोन बादल्या पाणी ओता, कयाक हळूहळू इकडून तिकडे कलती करा आणि बाहेरून कुठे थेंब येतो ते बघा. विकणारा याला नाही म्हणाला, तर त्या नाहीचा अर्थ तुम्हाला कळलाच असेल. पाण्यात फिरवून आणायला मिळाली तर उत्तमच. परतल्यावर ड्रेन प्लग, म्हणजे आत साचलेलं पाणी काढायचं बूच, काढा. पेलाभर पाणी निघालं तर चिंता नको, ते हॅचच्या कडेने किंवा एखाद्या स्क्रूपाशी शिरतं. तांब्याने मोजायची वेळ आली तर घरी परत या.

चिरेवर गोंद किंवा इपॉक्सी फासलेली दिसली तर ती दुरुस्ती मी धरतच नाही. पॉलिथिलिनवर साधे गोंद टिकून चिकटत नाहीत. त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी वितळवून केलेलं वेल्डिंग चालतं, आणि नीट केलेलं असेल तर वर्षानुवर्षं टिकतं. पण क्रॉसलिंक्ड पॉलिथिलिनची कयाक असेल तर तेही नाही, कारण ते प्लास्टिक पुन्हा वितळतच नाही. तळाला पडलेल्या पोच्याला मात्र घाबरू नका. पट्टे जास्त आवळले की किंवा उन्हात एकाच टेकूवर ठेवली की तळ आत जातो. ऊन किंवा गरम पाणी दिलं की बऱ्याचदा बाहेरही येतो. भाव पाडायला हा पोचा फार कामाचा, तेवढा उपयोग जरूर करून घ्या. रंग उडून पांढुरका, खडूसारखा झालेला डेक ही वेगळी गोष्ट. ती कयाक वर्षानुवर्षं उन्हात पडून होती आणि तिचं प्लास्टिक ठिसूळ व्हायला लागलेलं असू शकतं. अशी कयाक चार वर्षांची असली तरी मी दहा वर्षांची समजून भाव लावतो.

पेडलची कयाक असेल तर हिशोब दोन भागांत करा, कयाक वेगळी आणि ड्राइव्ह वेगळा. नवा सुटा ड्राइव्ह कितीला मिळतो ते आधी बघून ठेवा. तो आकडा बघून बरेच जण गप्प होतात. 1997 मध्ये होबी कंपनीने पंख फडफडवून चालणारा मिराजड्राइव्ह आणला. त्याचे साखळी, केबल, पंख असे भाग सुटे बदलता येतात. बसल्या जागी मागे जाण्याची सोय नंतरच्या ‘180’ प्रकारात आली, त्यामुळे जुन्या आणि 180 ड्राइव्हच्या भावात फरक पडणारच. दुसरा प्रकार पंख्याचा, म्हणजे प्रोपेलरचा. त्यात पेडल उलटं मारलं की कयाक मागे जाते. हातात धरून पेडल फिरवा, दांडा बाजूला हलतो का, गिअरमधून करकर येते का ते बघा. खाऱ्या पाण्यात वापरून गोड्या पाण्याने न धुतलेला ड्राइव्ह बाहेरून चकचकीत आणि आतून गंजलेला असू शकतो. ज्या ड्राइव्हचे भाग आता मिळत नाहीत, त्याची किंमत माझ्या वहीत शून्य, चालत असला तरी.

जोडलेल्या वस्तूंबद्दल थोडक्यात. फिश फाइंडर, कॅमेऱ्याचा दांडा, दिवे यांवर मालकाने जीव लावलेला असतो आणि त्याला त्याचे पूर्ण पैसे हवे असतात. मी त्यांचे नव्याच्या चौथाईहून जास्त देत नाही, तेही मला ती वस्तू हवीच असेल तर. ट्रॉली, बरं हलकं वल्हं आणि नांगराची दोरी-कप्पी यांचे निम्मे देतो. जुन्या लाइफ जॅकेटचे काहीच नाही, ते तुमच्या मापाचं नवं घ्या. आणि डेकला पाडलेलं प्रत्येक रिकामं भोक माझ्या बाजूने वजा.

वय मालकाला विचारण्यापेक्षा कयाकला विचारावं. मागच्या टोकाला उजवीकडे हल नंबर, म्हणजे होडीचा ओळख क्रमांक, कोरलेला असतो. अमेरिकन पद्धतीच्या 12 अक्षर-अंकांच्या नंबरात शेवटचे दोन अंक मॉडेलचं वर्ष सांगतात. ‘दोन वर्षं झाली असतील’ असं म्हणणाऱ्याच्या कयाकवर शेवटी 14 असेल तर घासाघीस तिथेच निम्मी संपते. नंबर खरवडलेला दिसला तर भावच विचारू नका.

बरेच जण कयाक विकतात त्याचं खरं कारण मासे नव्हे, वजन असतं. पेडलची कयाक सहज 40 ते 50 किलो भरते आणि एकट्याने गाडीच्या टपावर चढवताना हौस उतरते. म्हणून कमी वापरलेल्या कयाक बाजारात भरपूर असतात, विशेषतः हंगाम संपताना, जेव्हा पुढचे कित्येक महिने ती जागा अडवणार हे मालकाला दिसत असतं. तेव्हा पैसे, पट्टे आणि उचलायला एक माणूस सोबत घेऊन जा, आणि ‘आत्ताच घेऊन जातो’ म्हणा. शेवटचे चार-पाच टक्के त्या वाक्याला सुटतात.