‘मी’ बाजूला ठेवणारा प्रवासी

व्होल्ने या अठराव्या शतकातल्या फ्रेंच प्रवासी-लेखकाकडून काय शिकायचं, आणि त्याच्या लेखनात ‘मी’ कुठंच नाही का, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रवासवर्णन लिहू पाहणारं कुणी भेटलं की मी आधी व्होल्ने वाचायला सांगतो. मग थोड्या दिवसांनी ठरलेला प्रश्न येतो: “पुस्तकात हा माणूस स्वतः तर कुठंच भेटत नाही. याच्याकडून प्रवासवर्णन काय शिकायचं?”

भेटत नाही, हे खरंच आहे. आणि भेटण्यासारखं त्याच्याकडे भरपूर होतं. 1757 मध्ये फ्रान्सच्या आंजू प्रांतात जन्मलेल्या या मुलाचं मूळ नाव वेगळं. फ्रेंच विचारवंत व्होल्तेर आणि त्याचं गाव फर्ने, या दोन नावांचे तुकडे जोडून त्यानं ‘व्होल्ने’ हे नाव घेतलं. वारशात थोडे पैसे आले, ते त्यानं प्रवासात घालायचं ठरवलं. निघण्याआधी महिनोन्‌महिने शरीर कसलं: मैलोन्‌मैल पायपीट, उपास, उघड्यावर झोपणं, खंदकांवरून उड्या. मग इजिप्त. कैरोत काही महिने काढल्यावर त्याच्या लक्षात आलं की भाषा आल्याशिवाय इथं काही कळणार नाही. तो लेबनॉनच्या डोंगरात मार हन्नाच्या मठात गेला आणि सुमारे आठ महिने राहून अरबी शिकला.

एवढ्या भांडवलावर दुसऱ्या कुणी तीन खंड लिहिले असते, आणि ते मी आवडीनं वाचलेही असते. व्होल्नेनं 1787 मध्ये इजिप्त-सीरियावरचा ग्रंथ छापला तो सरळ दोन भागांत विभागून. आधी देशाची प्रकृती: जमीन, नदी, वारे, रोग. मग राज्यव्यवस्था: सत्ता कुणाची, कर कोण गोळा करतं, शेतकऱ्याच्या हातात काय उरतं. मठात तो राहिला होता, पण तिथल्या दिवसांबद्दल फारसं बोलत नाही. तिथल्या अरबी छापखान्याबद्दल मात्र बोलतो. लोकांपर्यंत कोणती पुस्तकं पोचतात, हा त्याला स्वतःच्या मुक्कामापेक्षा मोठा विषय वाटतो.

मी पहिल्यांदा प्रवासावर लिहिलं तेव्हा त्यात माझी भूक होती, माझा थकवा होता, एक सूर्यास्त होता. ज्या गावातून गेलो तिथली निम्मी शेतं पडीक का होती, हे मी कुणाला विचारलंसुद्धा नव्हतं. व्होल्ने वाचताना हे जाणवलं आणि फार लागलं. तो पडीक शेतापाशी थांबतो. मोन्तेस्क्यू या फ्रेंच विचारवंतानं उष्ण हवेची माणसं आळशी होतात असा सिद्धान्त मांडला होता आणि युरोपात तो अनेकांना पटला होता. व्होल्ने म्हणतो, याच उन्हात पूर्वी मोठमोठी राज्यं उभी राहिली. पिकवलेलं दुसरा कुणी उचलून नेणार असेल तर माणूस कशासाठी राबेल? दोष हवामानाचा नाही, राज्यकारभाराचा आहे. अठराव्या शतकातल्या प्रवाशाकडून हे वाचताना मला अजूनही उठून उभं राहावंसं वाटतं.

स्फिंक्सचा चेहरा पाहूनही तो असाच थबकतो. हा चेहरा आफ्रिकी आहे, असं त्याला वाटतं. मग ज्यांना आपण आज गुलाम करून ठेवलंय त्यांच्याच पूर्वजांनी आपल्याला विद्या आणि कला दिल्या का? इजिप्तमधल्या प्राचीन लोकांबद्दलचा त्याचा निष्कर्ष वादाचा असेल, पण गुलामांचा व्यापार तेजीत असताना हा प्रश्न छापणं सोपं नव्हतं.

याच प्रवाशातून पुढे इतिहासकार घडला. फ्रेंच क्रांतीच्या काळात तो राष्ट्रीय सभेत होता, मग दहशतीच्या पर्वात, म्हणजे संशयितांना सर्रास गिलोटिनवर चढवलं जात होतं तेव्हा, सुमारे दहा महिने तुरुंगात. सुटल्यावर 1795 मध्ये पॅरिसच्या एकोल नॉर्माल या शिक्षक घडवणाऱ्या नव्या संस्थेत त्यानं इतिहासावर व्याख्यानं दिली. साक्षीदार कोण, त्यानं स्वतः पाहिलं की ऐकलं, सांगण्यात त्याचा फायदा काय, हे तपासल्याशिवाय कुठल्याही इतिहासावर विश्वास ठेवू नका, असं तो सांगत होता. फ्रान्स तेव्हा स्पार्टा आणि रोमच्या वीरांच्या भक्तीत बुडाला होता. त्यानं स्पार्टातल्या हेलट दासांची आठवण करून दिली. ज्यांच्या नावानं माणसं गिलोटिनवर चढवली गेली, ती आदर्श प्रजासत्ताकं गुलामांच्या पाठीवर उभी होती, हे तुरुंगातून नुकताच आलेला माणूस सांगतो तेव्हा त्याला वजन येतं.

एक गोष्ट मला आजही सलते. 1788 मध्ये त्यानं बजावलं होतं की इजिप्त घ्यायला जाल तर तीन युद्धं लढावी लागतील: इंग्रजांशी, तुर्कांशी आणि तिथल्या मुसलमान जनतेशी, तिसरं सगळ्यांत कठीण. दहा वर्षांनी नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला तेव्हा सैन्याला वाट दाखवायला याच व्होल्नेचं प्रवासवर्णन उपयोगी पडलं. जमीन, पाणी, कर यांची चोख माहिती जिंकणाऱ्यालाही तितकीच कामाची असते. यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि व्होल्ने वाचा म्हणताना मी हे लपवतही नाही.

अमेरिकेच्या प्रवासाबद्दल थोडक्यात सांगतो. 1795 ते 1798 तो तिथं होता, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेफरसनच्या घरी राहिला, हेर असल्याच्या संशयाच्या वातावरणात परतला. 1803 मध्ये त्या देशाच्या हवामान-जमिनीवर पुस्तक लिहिलं. 1820 मध्ये पॅरिसमध्ये वारला.

पण तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग राहिला. व्होल्नेच्या लेखनात ‘मी’ आहे. तो 1791 च्या भग्नावशेषांवरच्या चिंतनात आहे. त्या पुस्तकाच्या बऱ्याच भागाचं इंग्रजी भाषांतर पुढे जेफरसननं नाव न लावता केलं. त्यात एक प्रवासी सीरियातल्या पाल्मिरा या प्राचीन शहराच्या पडक्या खांबांमध्ये संध्याकाळी बसलेला दिसतो. प्रवासग्रंथात पाल्मिराबद्दल लिहिताना व्होल्ने रॉबर्ट वुड या प्रवाशाच्या वर्णनाचा आधार घेतो. म्हणजे जिथं तो खरोखर राहिला तिथं त्यानं स्वतःला बाजूला ठेवलं, आणि जिथलं वर्णन दुसऱ्याकडून घेतलं तिथं ‘मी’ म्हणून बसला. या ‘मी’ला नाव नाही, प्रवासात त्याचे काय हाल झाले तेही तो सांगत नाही. तो फक्त विचारतो, इतकी माणसं, इतका व्यापार, इतकी शेती इथं होती, ती गेली कुठं?