काळ्या मसाल्यातले दगडफूल

मराठवाड्यात उन्हाळी कामे निघाली की मोंढ्यातून मिरची, धने आणि खोबरे किलोने येते, लवंग, दालचिनी आणि नागकेशर तोळ्यावर येते, आणि याच खरेदीत दगडफूल नावाचा एक चुरगळलेला, वजनाला काहीच न भरणारा जिन्नस कागदाच्या पुडीत बांधून मिळतो. नवख्या माणसाला तो केरकचरा वाटावा असाच दिसतो, आणि खरे सांगायचे तर सालपटांचा व काड्यांचा थोडाफार केर त्यात असतोही.

निवडताना त्यातला एखादा अखंड तुकडा बाजूला काढून भिंगाखाली धरावा. त्याची वरची बाजू राखाडी असते आणि खालची काळीकुळकुळीत, कडेकडेला तपकिरी होत गेलेली. त्या काळ्या बाजूवर केसांसारखे आखूड तंतू दिसतात. ती मुळे नव्हेत. त्यांचे काम झाडाची साल किंवा खडक धरून ठेवणे एवढेच. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल मिळून झालेला एक जीव, आणि पाणी व क्षार तो पाऊस, धुके आणि धूळ यांतून सर्वांगाने घेतो. लहरदार कडांवर पिठासारखे कण दिसतात, त्या प्रत्येक कणात बुरशीच्या धाग्यांनी गुंडाळलेल्या शैवालाच्या काही पेशी असतात, आणि वाऱ्याने तो कण जिथे जाऊन पडेल तिथे दोघांचा संसार एकदमच सुरू होऊ शकतो.

दगडफूल ही वनस्पती नव्हे. वनस्पतिशास्त्रात त्याला पानासारखे वाढणारे शैवाक म्हणतात, आणि मसाल्यातल्या मुख्य जातीचे शास्त्रीय नाव परमोट्रेमा पर्लाटम असे आहे. बुरशी घर बांधते आणि वरच्या पापुद्र्याखाली राहणारे हिरवे शैवाल उन्हात अन्न तयार करते. स्विस शास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर याने 1867 साली ही दुहेरी रचना मांडली तेव्हा शैवाकांच्या अनेक मान्यवर अभ्यासकांनी तिची टर उडवली होती. पुढे 2016 साली कित्येक शैवाकांच्या वरच्या पापुद्र्यात यीस्टही आढळले, त्यामुळे या घरात नेमके किती भाडेकरू आहेत, हा वाद अजून मिटलेला नाही.

पाणी नसले की शैवाक वाळून निपचित पडते आणि ओल मिळताच काही मिनिटांत कामाला लागते. 2005 साली याच कुळातल्या नव्हे, पण पानासारख्याच वाढणाऱ्या एका नारिंगी शैवाकाला फोटॉन-एम2 यानातून अंतराळाच्या पोकळीत सुमारे दोन आठवडे उघडे ठेवले होते. परत आल्यावर ते जिवंत होते. तरीही आपल्या बालेघाटाच्या काळ्या पाषाणावर बहुतेक दिसतात ती खडकाला चिकटलेल्या खपलीसारखी शैवाके, कारण पानासारख्या जातींना हवेत बराच ओलावा लागतो. बाजारातला पुष्कळ माल हिमालयाच्या उतारांवरून, उत्तराखंडासारख्या भागातल्या ओकच्या सालींवरून खरवडून येतो. ही पाने वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात, हे ध्यानात घेतले तर पुडीचा भाव स्वस्तच म्हणावा लागेल.

हवेतले सारेच शोषून घेण्याचा एक तोटाही आहे. शैवाकांत जड धातू साठतात. म्हणून तर हवेची प्रत जोखायला त्यांचा उपयोग करतात. तेव्हा रस्त्याकाठच्या झाडांवरचे कोणी आणून दिले, तर माझे मत असे की ते मसाल्यात घालू नये.

आपल्याकडच्या काळ्या मसाल्याप्रमाणेच चेट्टिनाडच्या मसाल्यांत आणि हैदराबादी निहारीच्या पोटलीतही दगडफूल असते. कोरडे असताना त्याला मातकट वासापलीकडे फारसे काही नसते. त्याचा खरा सुगंध गरम तेलात उघडतो. त्यासाठी ते आधी निवडून, कढईत बेताच्या आचेवर, इतर जिनसांपासून वेगळे परतावे, कारण ते कागदासारखे पातळ असल्याने लवंगा फुगेपर्यंत त्याचा कोळसा होतो. प्रमाण मात्र हात आखडूनच ठेवावे, एरवी आमटीला कडवटपणा येतो आणि मग गूळ कितीही घातला तरी तो जात नाही.