ट्रिम५ची नोंद: माकडं झाली, आता वाघ-मुंगूस

ट्रिम५ हे विषाणूंना पेशीत अडवणारं प्रथिन बनवणारं जनुक. मागच्या नोंदीत एनसीबीआय या जनुकीय माहितीच्या संग्रहावरून प्रायमेटांचे (माकडं, वानर, माणूस) ट्रिम५ क्रम उतरवून ठेवले होते. आता त्यांची जुळणी (क्रम एकाखाली एक नीट मांडणं) संपली आणि पॅमल या उत्क्रांती मोजणाऱ्या संचातलं कोडएमएलही चालवून झालं. नागपूरच्या मे महिन्यात लॅपटॉपला दुपारी राबवणं बरं नाही, म्हणून लांबलचक रन रात्रीच लावले.

सगळ्यात जास्त वेळ जुळणीत गेला, आणि तो तिथेच जायला हवा. आधी मॅफ्टने प्रथिनांचे क्रम जुळवले, मग पाल-टू-नॅलने त्यावर कोडॉन (एका अमिनो आम्लासाठीची डीएनएमधली तीन अक्षरं) बसवले. खरी कसोटी प्रथिनाच्या विषाणू ओळखणाऱ्या स्प्राय भागातल्या पहिल्या बदलत्या पट्ट्याची. आफ्रिकन हिरव्या माकडात तिथे २० अमिनो आम्लांचा तुकडा दुहेरी झालेला आहे. एखादा कोडॉन जरी भलतीकडे बसला तरी ओमेगा (अमिनो आम्ल बदलणाऱ्या आणि न बदलणाऱ्या बदलांच्या वेगांचं गुणोत्तर; १च्या वर म्हणजे बदलाला अनुकूल, अर्थात धन निवड; १च्या आसपास म्हणजे निवडच नाही) उगाच फुगतो आणि नसलेली निवड दिसायला लागते. तेवढा पट्टा मी ओळ न् ओळ डोळ्यांनी तपासला.

एम७ (धन निवड न मानणारं मॉडेल) आणि एम८ (ती मानणारं) यांच्या लॉग-लाइकलीहुडमधल्या (मॉडेल क्रमांशी किती जुळतं त्याच्या मापातल्या) फरकाची दुप्पट ५.९९च्या, म्हणजे ५ टक्के पातळीच्या मर्यादेच्या, बरीच वर गेली. ओमेगाची सुरुवातीची किंमत बदलून पाहिली, उत्तर तेच आलं. धन निवडीच्या जागा त्याच पट्ट्यात दाटलेल्या आहेत. सारा सॉयर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये १३ अमिनो आम्लांचा जो तुकडा दाखवला, तो हाच. त्यातल्या ३३२व्या जागेवर माणसात आर्जिनिन असतं. तिथे प्रोलिन बसवलं की मानवी प्रथिनसुद्धा एचआयव्ही-१ला अडवू लागतं. ऱ्हीसस माकडाचं प्रथिन तर मुळातच अडवतं, हे २००४ मध्ये कळलं होतं. नुसते क्रम शेजारी-शेजारी ठेवून आलेलं उत्तर आणि प्रयोगशाळेतलं उत्तर एकाच अमिनो आम्लावर येऊन मिळावं, याचा आनंद काही औरच! ही निवड एचआयव्ही माणसात येण्याच्या लाखो वर्षं आधीची, म्हणजे कुठल्यातरी जुन्या विषाणूंशी झालेल्या झटापटीची आहे.

पेंच-ताडोबाच्या शेजारी राहून वाघाचं काय, हा प्रश्न पडणारच. कुत्र्यात हे जनुक निकामी झालंय, गाईत उलट त्याच्या प्रती वाढल्यात. मांजराचं ट्रिम५ स्प्राय येण्याआधीच तुटतं, आणि ही तूट फेलिफॉर्मिया उपगणातली असल्याचं २००९ मध्ये दाखवलं गेलं. वाघ, तरस, मुंगूस सगळे त्याच उपगणातले. अमूर वाघाचा जीनोम २०१३ पासून उपलब्ध आहे. मुंगसाच्या बाजूने मीरकॅट घेतोय. थांब-कोडॉन (जिथे प्रथिन संपतं) सगळ्यांत एकाच जागी आहे का, ते आधी बघायचं. मग ब्रँच मॉडेल (वंशवृक्षाच्या फांदीगणिक वेगळा ओमेगा काढणारं) लावून प्रथिनाच्या सुरुवातीच्या, उरलेल्या रिंग आणि बी-बॉक्स भागाचा ओमेगा १कडे सरकलाय का, ते तपासायचं. सरकला नसेल, तर त्या उरलेल्या तुकड्याला अजून काहीतरी काम आहे. मांजरकुळावर ब्रँच मॉडेल कुणी चालवलं असेल, तर बाहेरचा गट (तुलनेसाठी त्या कुळाबाहेरचे) म्हणून कोणते प्राणी घेतले ते जरूर सांगा.